उडी तारेवरची की जमिनीवरची?

शनिवारी रात्री एकच मारधाडपट बघायचाय आणि यादी वर-खाली करता करता दोनच उरलेत: ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (२०००) आणि ‘ओंग-बाक’ (२००३). मी दोन्ही पुन्हा पुन्हा पाहिलेत, म्हणून थोडं बोलतो.

पहिल्याच्या श्रीमंतीबद्दल वादच नाही. युएन वू-पिंगने बसवलेल्या मारामाऱ्या, चार ऑस्कर, बांबूच्या शेंड्यांवर झुलत चाललेली तलवारबाजी. दुसऱ्याची गोष्ट एवढीशी: गावच्या बुद्धमूर्तीचं डोकं चोरीला जातं आणि एक पोरगा ते आणायला बँकॉकला जातो. विनोद बराचसा आरडाओरड्याचा, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं घोडं अडलं ते उतरण्यावर. वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या माणिकरावांच्या आखाड्यात लहानपणी मल्लखांब केलेला. तिथे उडीला कुणी शाबासकी देत नसे. वस्तादांचं लक्ष पायांवर. टाचा आपटल्या, गुडघे ताठ राहिले, की ‘परत चढ’. ही नजर एकदा लागली की सुटत नाही. ‘क्राउचिंग टायगर’मध्ये छपरांवरून पाठलाग चालतो तेव्हा कौलांवर पाय टेकतो, पण वजन टेकत नाही. नटांना उडवायला ज्या तारांना टांगतात त्या पडद्यावरून पुसता येतात हो, गुडघ्याचं काय करणार? तो लवतच नाही. मग पुढची दहा मिनिटं मी लढाई सोडून पायच बघत बसतो.

चिनी तलवारबाजांच्या कथांत वीरांनी उडायचंच असतं, मान्य. आणि तारांवर कष्ट कमी असतात असंही नाही; नटी मिशेल योचा गुडघा याच शूटिंगमध्ये चांगलाच दुखावला होता. खोट कदाचित माझ्याच डोळ्यांत असेल. पण याच चित्रपटात ती दुसरी नटी झँग झियीशी लढताना शस्त्रामागून शस्त्र बदलते आणि एक इतकं जड निघतं की तिला उचलतच नाही, तो प्रसंग मला बांबूंपेक्षा कितीतरी आवडतो.

‘ओंग-बाक’चा नायक टोनी जा, त्याच्या मारामारीत तारांचा आधार नाही. त्याची मुए थाय, म्हणजे थायलंडची लढण्याची कला, म्हणजे कोपर आणि गुडघे. गल्लीतल्या पाठलागात तो काटेरी तारेच्या वेटोळ्यातून पार होतो, पाय फाकवून गाडीखालून घसरत जातो. मोठी उडी असली की तीच लगेच दुसऱ्या बाजूनेही दाखवतात. काहींना हा पोरकटपणा वाटतो. मला तेवढंच हवं असतं, कारण दुसऱ्या खेपेला पाय नीट बघता येतात.

घरात लहान मुलं जागी असतील तर मात्र पहिलाच लावा. ‘ओंग-बाक’मधली कोपरं थेट टाळक्यात बसतात. एरवी मी ‘ओंग-बाक’च लावेन. फक्त चहा आधी करून घ्या, कारण सुरुवातीलाच झाडावरचा झेंडा काढायला चिखलाने माखलेली पोरं एकमेकांना खेचत चढतात आणि फांद्यांवर आपटत धपाधप खाली येतात. ते चुकवू नका.