कार्पेटवरचा डाग: माणूस बोलवायचा की वेट अँड ड्राय व्हॅक्यूम घ्यायचं?

ठाण्यात कार्पेट बाळगायचं म्हणजे डागापेक्षा ओलीचीच काळजी जास्त. हे आधीच सांगतो, कारण पुढची सगळी तुलना मी त्याच बाजूने केली आहे. कोरड्या हवेत, म्हणजे नागपूर-अकोल्याकडे राहणाऱ्यांचं गणित बहुधा वेगळं निघेल. घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये जुलैत टॉवेलसुद्धा नीट वाळत नाही, तिथे जाड कार्पेटची काय कथा.

पर्याय तीन. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं लिक्विड आणि पंचा. घरी येऊन शॅम्पू करणारी माणसं. आणि पाणीसुद्धा ओढणारं वेट अँड ड्राय व्हॅक्यूम. आमच्याकडे तिन्ही वापरून झालेत. हॉलमध्ये मशीनवर विणलेलं पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे सिंथेटिक धाग्याचं कार्पेट आहे, आतल्या खोलीत सासरकडून आलेला, उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा लोकरी गालिचा. त्याचं वेगळं, ते पुढे सांगतो.

पंच्याला कमी लेखू नका. सांडल्यापासून पहिल्या पाच मिनिटांत त्याच्याइतकं काम कुठलंच मशीन करत नाही, कारण मशीन काढून, वायर जोडून होईपर्यंत चहा खाली उतरलेला असतो. दाबून टिपायचं, कडेकडून मध्याकडे, घासायचं नाही. मग कपभर पाण्यात पाव चमचा लिक्विड, एवढंच. फेस जास्त झाला तर साबण धाग्यांत राहतो, त्यावर धूळ बसते आणि महिन्याभराने त्याच जागी काळपट ठिपका दिसायला लागतो. चहा-कॉफीचा डाग मागे राहिला तर पांढरं व्हिनेगर दुप्पट पाण्यात मिसळून लावा. दूध, अंडं, रक्त यांना गरम पाणी लावू नका, डाग पक्का बसतो.

खरी परीक्षा मिसळीची. ठाण्यात राहून मामलेदारची मिसळ पार्सल आणायची नाही, आणि आणलीच तर हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून खायची नाही, असा नियम कुणाच्या घरी टिकत असेल तर त्यांना नमस्कार. कटात तेल आणि हळद दोन्ही. पॉलिप्रॉपिलीन पाण्याच्या डागांना दाद देत नाही, पण तेल धरून ठेवतं. तेल शोषायला खायचा सोडा टाका, असं सगळे सांगतात. हळदीवर सोडा पडला की डाग लाल होतो, कुंकू हळदीपासूनच होतं ना, तोच प्रकार. व्हिनेगरने तो परत पिवळा होतो खरा, पण तोवर घरातल्यांचा जीव वर-खाली. त्याऐवजी कॉर्नफ्लॉवर किंवा टाल्कम पावडर टाका, मग लिक्विड. उरलेला पिवळा रंग उन्हात हळूहळू उडतो. ऊन घरात येत असेल तर. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढणारे व्हिडिओ पाहायला मजा येते. दोघं एकमेकांना मारून मोकळे होतात, डाग तसाच राहतो. आणि व्हिनेगरसोबत ब्लीच कधीही नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पंच्याची मर्यादा दुसऱ्या दिवशी कळते. वरवर स्वच्छ दिसलेला डाग सकाळी पुन्हा हजर. जे खाली विणीच्या मुळाशी गेलं ते पंच्याला मिळालेलंच नसतं. वरचं पाणी वाळतं तसं खालचं वर चढतं, समईच्या वातीतून तेल चढावं तसं, आणि येताना रंग घेऊन येतं. त्यामुळे शेवटी प्रश्न साबणाचा नाही, खालचं पाणी बाहेर कोण काढणार, याचा आहे.

शॅम्पू करणारे ते काढतात, याबद्दल वाद नाही. त्यांचं मशीन दणकट असतं, माणसं मेहनती असतात, आणि वर्षभराची धूळ, पायांचे काळे पट्टे, सोफ्याखालचा तो वेगळाच रंग हे सगळं एका फेरीत निघतं. संपूर्ण कार्पेट धुवायचं असेल तर मी आजही त्यांनाच बोलावीन. पण डाग पडला मंगळवारी आणि त्यांना वेळ रविवारी. तोवर डाग मुरलेला.

तेही चाललं असतं. माझं मन उडालं ते त्यानंतरच्या प्रकाराने. एका कोपऱ्यातल्या डागासाठी सगळं कार्पेट भिजतं, कारण फक्त डागापुरतं धुतलं तर तेवढाच गोल पांढरा दिसतो आणि बाकीचं मळकट. "पंखा लावून ठेवा साहेब, संध्याकाळपर्यंत सुकेल." त्यांच्या दृष्टीने खोटं नव्हतं, जानेवारीत सुकलंही असतं. दिवस पावसाळ्याचे होते. पंखा फुल्ल, खिडक्या उघडाव्यात तर पावसाची झड आत, बंद कराव्यात तर दमट. टीपॉय गॅलरीत, सोफा भिंतीला, आई भिंतीला धरून स्वयंपाकघरात जाणार. कार्पेट दोन खुर्च्यांवर पालथं टाकलं तर वरचा भाग कोरडा, मागची पाठ गार. मग तो वास. कुबट, ओल्या छत्रीसारखा नाही, त्याहून आंबट. अगरबत्तीने तो जात नाही, फक्त दोन वास होतात. भिजलेलं कार्पेट २४ ते ४८ तासांत सुकवावं, नाहीतर बुरशी धरते, असं सांगतात. आमच्या हॉलने ती मुदत बहुधा ओलांडली असावी. हा माझ्या घराचा अनुभव. तुमचं घर वरच्या मजल्यावर, दोन्ही बाजूंनी हवा खेळणारं असेल तर कदाचित हा त्रास होणारही नाही. नवी मुंबईत पाम बीच रोडवर राहणारा माझा एक मित्र दरवर्षी माणसं बोलावतो आणि खूश आहे, पण तो दिवाळीनंतर बोलावतो, हे महत्त्वाचं.

वेट अँड ड्राय व्हॅक्यूमने डाग जास्त चांगला निघतो, असं मी म्हणणार नाही. शॅम्पूवाल्यांइतकी सफाई त्याने होत नाही. पण भिजतं ते तळहाताएवढं, आणि लगेच ओढून घेता येतं. स्प्रेच्या बाटलीने साबणाचं पाणी, ओढलं. मग नुसतं पाणी, ओढलं. टाकीत येणारं पाणी गढूळ दिसायचं थांबेपर्यंत. शेवटी पाणी न टाकता नुसतंच सावकाश ओढत राहायचं, लोक हीच पायरी गाळतात. मग कोरड्या पंच्याची घडी, त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि वर वरवंटा, रात्रभर. वर चढणारा रंग पंच्यात जातो, कार्पेटवर येत नाही. दुपारी सांडलेल्या चहाच्या जागी रात्री जेवणानंतर मोजे घालून उभं राहिलं तर ओल लागत नाही. माझ्याकडे यापेक्षा शास्त्रीय मोजमाप नाही.

त्याचे त्रासही सांगायला हवेत. आवाज मोठा, दुपारी आई झोपलेली असताना लावायची सोय नाही. टाकी प्रत्येक वेळी धुऊन, झाकण उघडं ठेवून वाळवावी लागते, नाहीतर वास कार्पेटऐवजी मशीनला येतो. पाणी ओढताना कागदी पिशवी काढून फोमचा फिल्टर लावायचा, हे घरातल्या प्रत्येकाला शिकवावं लागतं. जागा खातं. लॉफ्टवर चढवलं की खाली उतरत नाही, त्यामुळे आमचं वॉशिंग मशीनशेजारी उभं असतं. तिथे असल्यामुळेच त्याचा निम्मा वापर कार्पेटसाठी होतच नाही. वॉशिंग मशीनचा पाइप निसटला, एसी गळला, पावसाचं पाणी गॅलरीतून आत आलं, की तेच. साधं मॉडेल दहा हजारांच्या आत मिळतं. स्वतः पाणी फवारून स्वतः ओढणारी स्प्रे एक्स्ट्रॅक्शनची मशीन त्याहून महाग, आणि स्प्रेची बाटली हातात असताना मला तरी त्यांची गरज वाटली नाही.

लोकरी गालिच्याला मात्र यातलं फार काही लावू नये. सोडा नाही, ब्लीच नाही, एन्झाइमवाली पावडर तर मुळीच नाही, कारण एन्झाइम प्रथिनं तोडतात आणि लोकरही प्रथिनच. टिपून घेऊन, कोमट पाण्यात सौम्य साबण. त्यापुढे गालिचे धुणाऱ्याकडे. "आर्ट सिल्क" किंवा "बांबू सिल्क" म्हणून घेतलेलं असेल तर ते बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे लाकडा-बांबूच्या लगद्यापासून केलेला धागा असतो. पाण्यानेच पिवळं पडतं, धागे चपटे होतात. अशा कार्पेटसाठी व्हॅक्यूमही घेऊ नका आणि सरसकट शॅम्पूही करू देऊ नका.

घरात लहान मूल असेल आणि कार्पेट सिंथेटिक असेल तर मी मशीनच्या बाजूने झुकेन. घेताना मोटरचे आकडे बघत बसण्यापेक्षा कार्पेटवर टेकवायचं रुंद तोंड सोबत मिळतं का, ते विचारा. बऱ्याच बॉक्समध्ये फक्त फरशीचं येतं, त्याने कार्पेटमधलं पाणी ओढलं जात नाही.