मेंदूच्या एमआरआयमधील चरबीचा सिग्नल: फॅट सॅट, स्टर की डिक्सन?

एमआरआयवर उजळ दिसणारी चरबी खुद्द मेंदूत जवळजवळ नसतेच. ती असते डोक्याच्या त्वचेखाली, कवटीच्या हाडांतील मज्जेत आणि डोळ्यांच्या खोबणीत. त्यामुळे साध्या टी-२ चित्रांत (पाणी उजळ दाखवणाऱ्या नेहमीच्या चित्रांत) तिच्याकडे दुर्लक्ष केले तरी सहसा चालते. मात्र डिफ्युजनमध्ये (ऊतींतील पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या चित्रांत) आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिले जाणारे, गाठ उजळवणारे औषध) दिल्यानंतर नेत्रगुहा, म्हणजे डोळ्याची खोबण, किंवा कवटीचा तळ पाहताना तिचा सिग्नल दाबावाच लागतो, आणि कोणत्या पद्धतीने दाबायची हे आधीच ठरवलेले बरे.

सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे फॅट सॅट (फॅट सॅच्युरेशन). चरबीतील प्रोटॉनांची वारंवारता पाण्यातील प्रोटॉनांपेक्षा १.५ टेस्लावर (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) सुमारे २२० हर्ट्झने आणि ३ टेस्लावर सुमारे ४४० हर्ट्झने कमी असते. तेवढीच वारंवारता नेमकी हेरून तिचा सिग्नल आधीच मारला जातो. वेळ फारसा वाढत नाही आणि कॉन्ट्रास्टनंतरही ही पद्धत चालते. परंतु तिची सारी भिस्त चुंबकीय क्षेत्र एकसारखे असण्यावर आहे. नाकामागच्या हवेच्या पोकळ्यांजवळ किंवा दातांना तारा बसवलेल्या रुग्णात क्षेत्र वेडेवाकडे होते आणि चरबीचा एखादा पट्टा उजळच राहतो. दृष्टिमज्जातंतूच्या शेजारी असा पट्टा राहिला, तर तो कॉन्ट्रास्ट घेतलेल्या गाठीसारखा भासतो.

दुसरी पद्धत स्टर (STIR) वारंवारतेकडे पाहतच नाही, ती वेळ साधते. चरबीचा टी-१ (ऊतीचे चुंबकत्व पूर्ववत होण्याचा काळ) कमी असल्याने इन्व्हर्शन पल्सनंतर, म्हणजे ते चुंबकत्व उलटवणाऱ्या पल्सनंतर, १.५ टेस्लावर साधारण १५० ते १७० मिलिसेकंदांनी तिचा सिग्नल शून्यातून जातो, आणि नेमका तोच क्षण साधला जातो. धातू असो वा ०.३ टेस्लाचे ओपन यंत्र, जिथे चरबी-पाण्यातील फरक जेमतेम ४५ हर्ट्झ उरतो, तिथे हाच आधार. मात्र गॅडोलिनियम (कॉन्ट्रास्टमधील द्रव्य) दिल्यावर स्टर वापरू नये: कॉन्ट्रास्ट घेतलेल्या ऊतीचा टी-१ चरबीच्या जवळ येतो आणि जी गाठ शोधायची तीच चित्रातून पुसली जाऊ शकते. एरवीही स्टरमध्ये एकूण सिग्नल घटतोच.

डिक्सन पद्धत १९८४ मध्ये मांडली गेली. चरबी आणि पाणी एका लयीत व उलट लयीत असताना (१.५ टेस्लावर सुमारे ४.४ व २.२ मिलिसेकंदांना) घेतलेल्या प्रतिमांतून दोघांची वेगळी चित्रे काढली जातात. क्षेत्रातील विषमतेचा हिशेबही आजच्या सॉफ्टवेअरमध्ये केला जातो, म्हणून कॉन्ट्रास्टनंतरच्या नेत्रगुहेसाठी, यंत्रात सोय असेल तर, माझी पहिली पसंती हिलाच राहील. शिवाय चरबीचे स्वतंत्र चित्र हाती येते. लायपोमाची (चरबीच्या गाठीची) शंका असताना त्याचे मोल कळते.

डिफ्युजनचे गणित निराळे आहे. तिथे फेज दिशेतील (चित्राच्या दोन दिशांपैकी एका दिशेतील) बँडविड्थ, म्हणजे वारंवारतेची रुंदी, पिक्सेलमागे ३० हर्ट्झच्या आसपास धरली, तर ३ टेस्लावर चरबी सुमारे पंधरा पिक्सेल सरकते आणि त्वचेखालची कड थेट मेंदूवर कमानीसारखी उमटते. येथे फॅट सॅट सुरू ठेवणे अनिवार्य समजावे. ते अपुरे पडल्यास स्लाइस निवडणाऱ्या ग्रेडियंटची दिशा सिग्नल पुन्हा जुळवणाऱ्या दुसऱ्या पल्सला उलटवण्याची सोय जोडीला घ्यावी.

डिक्सनची खोड एकच, पण फसवी: काही वेळा सॉफ्टवेअर चरबी आणि पाणी यांची अदलाबदल करते, तीही चित्राच्या एखाद्याच भागात. म्हणून रुग्णाला टेबलवरून उतरवण्याआधी चरबीचे चित्र उघडून पाहावे. त्यात डोळ्यामागची चरबी पांढरी आणि मेंदू काळा दिसायला हवा.