हळद की कडुनिंब? मुरुमांसाठी दोन्ही करून पाहिल्यावर

प्रोजेक्टसाठी म्हणा की स्वतःच्या गालांसाठी, मुरुमांवर झाडपाल्याचा अर्क करून बघायचा म्हटलं की पहिली दोन नावं हीच येतात. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मी दोन्ही केली, प्लेटवरही (जीवाणू वाढवायला आगर नावाची जेली ओतलेली थाळी) आणि तोंडावरही.

सोयीचं बघाल तर हळद पुढे. घरात असतेच, आणि तिच्यातलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, पाण्याला दाद देत नसलं तरी अल्कोहोलमध्ये झटकन उतरतं. कडुनिंब देशावर जागोजागी. कुडाळात मला दोन वाड्या फिरून एक झाड सापडलं. त्यात जुलै. वर्तमानपत्रावर पसरलेला पाला फॅनखाली चार दिवस ठेवला तरी मऊच, पाचव्या दिवशी खालच्या थराला बुरशी. दुसऱ्या खेपेला अगदी विरळ पसरला, तेव्हा कुठे पानं हातात चुरली.

एवढं होऊनही मी कडुनिंबाकडेच झुकतो. कारण हळदीचा रंग.

प्लेटवर आगरमध्ये पाडून अर्क भरलेल्या खड्ड्याभोवती जीवाणू न वाढलेली स्वच्छ चकती मिलिमीटरमध्ये मोजायची असते. हळदीच्या खड्ड्याभोवती पिवळं वलय पसरतं. चकती कुठे संपली आणि रंग कुठे, काही कळत नाही. एकाच प्लेटवर मी 14 वाचले, पार्टनरने 11. मॅडमनी प्लेट उजेडासमोर धरली आणि नुसतं "हं" केलं. शिवाय कर्क्युमिन आगरमधून नीट सरकत नाही, त्यामुळे चकती लहान म्हणजे अर्क कमजोर, असंही छातीठोक म्हणता येत नाही. कडुनिंबाचा हिरवा रंग, निदान माझ्या प्लेटवर, खड्ड्याच्या काठालाच थांबला. (एक खड्डा नुसत्या अल्कोहोलचा ठेवाच. आमच्या पहिल्या प्लेटवर बरंचसं श्रेय त्याचंच निघालं.)

चेहऱ्यावरही तीच कटकट. रात्री हळदीचा लेप लावला, सकाळी दोनदा तोंड धुऊन मालवणची एसटी पकडली, तर शेजारचे आजोबा म्हणतात, "काय रे, हळद लागली? चेडू खयचा?" टॉवेलला साबण लावला तर डाग लाल. हळदीचा डाग उन्हात उडतो हे खरं, पण जुलैत ऊन आणायचं कुठून?

कडुनिंबाला वास आहे, तो काढा उकळताना घरच्यांनी ऐकवलाच. पण तीन आठवडे गार काढ्याने तोंड पुसलं आणि लाल फोड बसले. आपोआपही बसले असतील, नाही म्हणत नाही.

प्लेटवर जिंकलेलं गालावर जिंकेलच असं नाही. मुरुमांचा जीवाणू, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, ऑक्सिजन टाळून तेलकट रंध्रात खोल बसतो. खोबरेल तेलातलं लॉरिक ॲसिड त्याला प्रयोगशाळेत मारतं, पण तेच तेल चेहऱ्यावर अनेकांची रंध्रं बुजवतं. आणि घाई नको. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात 124 रुग्णांवर 5 टक्के टी ट्री तेल (तिथल्याच एका झाडाच्या पानांचं) आणि 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचं नेहमीचं औषध यांची तुलना झाली. गुण दोन्हींचा आला. टी ट्रीचा सावकाश, पण त्याचा त्रास कमी.

काहीही लावण्याआधी कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस थांबा. गाठी होऊन ठणकणारे मुरुम असतील तर दोन्ही बाजूला ठेवून त्वचेचे डॉक्टर गाठा. आणि कडुनिंबच ठरला, तर पाला मे महिन्यातच वाळवून डब्यात भरून ठेवा.