केळीच्या मळ्यातली गोल्फ कार्ट: बॅटऱ्यांचा दीड वर्षाचा अनुभव

रावेरकडच्या आमच्या मळ्यात दीड वर्षापासून गोल्फ कार्ट चालते. ४८ व्होल्टची, ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या. खताच्या गोण्या, मजुरांचं पाणी आणि गुडघे दुखणाऱ्या अण्णांची बागेतली फेरी, सगळं तीच करते. गाडी झकास आहे, पण सगळा जीव बॅटऱ्यांत, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहितो.

काम संपलं की रोज चार्जिंगला लावतो, एकच फेरी झाली असली तरी. ‘पूर्ण उतरू द्या, मग लावा’ हा सल्ला गावात भरपूर मिळतो, पण लेड-ॲसिडला तो मानवत नाही. चार्ज निम्म्याखाली वारंवार गेला की आयुष्य घटतं, आणि उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. गाडी थोडा वेळ उभी ठेवून व्होल्टमीटर बघायचा: ५१ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, ४८ च्या जवळ आली की घराकडे वळायचं.

आपल्याकडची खरी परीक्षा उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि बॅटरीतलं पाणी भराभर आटतं. हिवाळ्यात महिन्यातून एकदा बघितलं तरी चालतं, उन्हाळ्यात दर आठवड्याला झाकणं उघडतो. पाणी डिस्टिल्डच. बोअरचं अजिबात नको, त्यातले क्षार प्लेटा खातात. आणि भरायचं ते चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना ॲसिडची पातळी वर येते आणि बाहेर सांडते. आधीच प्लेटा उघड्या दिसल्या तर त्या बुडतील एवढंच घालायचं.

ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर जरूर घ्या. सहा बॅटऱ्यांचे २४ सेल, भरल्यावर बहुतेक १.२६५ च्या आसपास. चौथ्या बॅटरीतला एक सेल मात्र १.२२० वर अडकला होता. व्होल्टमीटरवर ते कळलंही नसतं. पुस्तिकेप्रमाणे इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल एका पातळीवर आणणारा जास्तीचा चार्ज) दिला, तो सेल बराच सावरला.

चार्जरबद्दल एक तक्रार: लाईट जाऊन आली की तो आपोआप सुरू होत नाही. लोडशेडिंगच्या भागात हे फार जाचक आहे, पहाटे उठून बघावंच लागतं. चार्जिंग पत्र्याच्या बंद खोलीत करू नका. हायड्रोजन निघतो, त्यामुळे उघडी शेड हवी आणि जवळ बिडी नको.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरली की झाकणं घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं पुसून व्हॅसलिन लावा.