बदकांचे डिकॉय: सीडरचे की कॉर्कचे?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बदकांच्या शिकारीसाठी हाताने कोरलेले डिकॉय, म्हणजे खऱ्या बदकांना भुलवणारी नकली बदके, आजही पाण्यात सोडतात. मेरिलँडमध्ये चेसापीक उपसागराच्या उत्तर टोकाशी असलेल्या हावर द ग्रेस गावात सीडर या लाकडाची परंपरा आहे. मॅडिसन मिचेल यांच्यासारख्या कारागिरांनी सीडरचे धड आणि पाइनचे डोके अशी हजारो बदके घडवली. पोटाखाली वजन ठोकलेले असे बदक उलटले तरी पुन्हा सरळ होते आणि लाटेवर संथ डुलते. हे डुलणे मला फार मोलाचे वाटते, कारण वरून घिरट्या घालणारा थवा सर्वात आधी हालचाल टिपतो.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला कॉर्क, म्हणजे बुचाची साल, प्रिय. तो हलका, म्हणून चिखल तुडवत पाठीवर डझनभर नेता येतात. त्याचा खरबरीत पृष्ठभाग चमकत नाही आणि छर्रा लागला तरी चिरफळ्या उडत नाहीत. मात्र शेपटी लवकर तुटते. तिथे लाकडी तुकडा बसवावाच. सोसाट्याच्या वाऱ्यात कॉर्कचे बदक फार उसळते.

होडीतून शिकार करणाऱ्याने सीडर घ्यावा, पायी जाणाऱ्याने कॉर्क. मला विचाराल तर सीडरच.

सोबत जुनी दुनळी असेल तर एक पथ्य पाळा. 1991 पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, आणि कडक पोलादी छर्ऱ्यांनी जुनी नळी खराब होऊ शकते. आधी बंदूक जाणकाराकडून तपासून घ्या, मग बिस्मथ या मऊ धातूच्या छर्ऱ्यांची काडतुसे वापरा.