कासवाचा साल्मोनेला: सीरोटायपिंग की जीनोम सिक्वेन्सिंग?
आमच्या यवतमाळकडच्या गावांतही आता काचेच्या टाकीत लाल कानाची कासवं दिसतात. त्यांच्यात साल्मोनेला हा हगवण लावणारा जंतू असू शकतो. (टाकीचं पाणी हापशीजवळ ओतू नका, कळकळीनं सांगतो.) घरातल्या लेकराला हगवण लागली, तर जंतू कासवाचाच कशावरून?

हे तपासायच्या दोन पद्धती. सीरोटायपिंग जुनं, स्वस्त. प्रतिद्रव्यांमुळे जंतूंच्या गुठळ्या होतात, त्यावरून साल्मोनेलाच्या २५००हून अधिक प्रकारांतला एक ठरतो. पण त्यातला टायफिम्युरियम नावाचा प्रकार कोंबडीतही सापडतो, कासवातही. नुसत्या नावावरून दोष कुणाला देणार?

जीनोम सिक्वेन्सिंग जंतूच्या सगळ्या डीएनएची सुमारे ४८ लाख अक्षरं वाचतं. लेकराच्या आणि कासवाच्या जंतूंत मोजक्याच अक्षरांचा फरक निघाला, तर नातं अगदी जवळचं. कोणतं प्रतिजैविक निकामी ठरेल, याचाही अंदाज येतो. खर्च मात्र जास्त.

एकाच सुमारास अनेक लेकरं आजारी पडली, तर माझा कौल सिक्वेन्सिंगलाच.