हॅरीचा राग आणि त्याचं मोठं होणं

‘हॅरी पॉटर’चे आठही चित्रपट (२००१ ते २०११) मी जादूसाठी नाही, त्या मुलासाठी बघते. पहिल्या दोन भागांत तो नुसता डोळे विस्फारून जग पाहत असतो. गोड आहे, पण तेवढंच. खरी गोष्ट २००४ च्या तिसऱ्या भागात सुरू होते. तळ्याकाठी आपल्याला वडिलांनीच वाचवलं असं तो धरून बसतो, आणि वाचवणारा आपणच होतो हे त्याला उमगतं. पोरकेपणातून बाहेर पडायचं पहिलं पाऊल ते!

पाचवा भाग माझा सर्वांत लाडका. शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर नजर टाळतात, तेव्हा “माझ्याकडे बघा!” असं हॅरी ओरडतो. या वयातला राग इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच दिसतो, आणि हॅरी साकारणारा डॅनियल रॅडक्लिफ तो लपवत नाही. वडिलांच्या जागी असलेला सिरियस मारला गेल्यावर तर हॅरी पार कोसळतो.

सहाव्यात मात्र प्रेमप्रकरणांना नको इतकी जागा दिली आहे. शेवटच्या भागात मृत्यूला सामोरं जायला जंगलात जाताना तो जादूने पुन्हा समोर आलेल्या सिरियसला विचारतो, मरताना दुखतं का? इतका धीट झालेला मुलगा हे विचारू शकतो, यासाठी तरी मालिका क्रमानेच बघा.